दुभाष्यांची पायवाट

नवापूरचे रेल्वे स्टेशन ज्यांनी पाहिले आहे त्यांना सीमा म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या तापीकाठच्या लोहमार्गावर हे स्टेशन आहे. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि त्यांच्यामधली रेघ नेमकी या स्टेशनातून गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात राहिली, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत गेली. फलाटावर एक बाक आहे, त्याचे अर्धे अंग एका राज्यात आणि अर्धे दुसऱ्या राज्यात. गाडीची घोषणा होते ती हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत. बाहेरगावच्या माणसाला याची मौज वाटते. सीमाभागात जन्म गेलेल्या आपल्यासारख्यांना मात्र तो बाक ओळखीचा वाटतो, कारण आपण सगळे त्याच बाकावर बसलेलो आहोत.

१९८७ च्या नोव्हेंबरात या नवापुराहून काही माणसे दक्षिणेकडे चालू लागली. त्याच वेळी दुसरा एक जथा कन्याकुमारीहून उत्तरेकडे निघाला. दोघांच्या मध्ये सह्याद्रीची सुमारे १६०० किलोमीटरची रांग होती. सुमारे शंभर दिवसांनी, फेब्रुवारी १९८८ मध्ये, हे दोन्ही जथे गोव्यात फोंडा तालुक्यातील रामनाथी येथे एकमेकांना भेटले. ‘पश्चिम घाट बचाव पदयात्रा’ या नावाने ती ओळखली जाते. आज तिला साडेतीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. नव्या पिढीला तिचे नावही ठाऊक नाही आणि जुन्यांनाही ती ‘झाडे वाचवणाऱ्यांची यात्रा’ एवढीच आठवते.

ती यात्रा झाडे वाचवण्यासाठी होती हे खरेच. पण तिच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. निरनिराळ्या राज्यांतल्या, निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या संस्थांनी आणि मंडळांनी एकत्र येऊन आपल्या भूमीचा अभ्यास करावा, तो लोकांपुढे मांडावा आणि लोकांकडूनही शिकावे, असा तो एक मोठा प्रयोग होता. पुढे ज्याला ‘शाश्वत विकासासाठी शिक्षण’ असे भारदस्त नाव मिळाले आणि ज्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने अख्खे दशक राखून ठेवले, तेच काम ही माणसे पायी चालत करत होती. या प्रयोगात काय साधले आणि पुढे काय निसटले, हे पाहणे आपल्या भागाच्या दृष्टीने विशेष अगत्याचे आहे. का, ते ओघाने येईलच.

*

यात्रेच्या आधीची हकिकत थोडी मागून सांगायला हवी, कारण अशी यात्रा एका रात्रीत उभी राहत नसते.

१९६२ साली कोळिकोडे येथे केरळ शास्त्र साहित्य परिषदेची स्थापना झाली. नावातला ‘साहित्य’ हा शब्द ध्यानात घ्यावा. ही मंडळी प्रारंभी एकत्र आली ती विज्ञान मल्याळम भाषेत लिहिण्यासाठी. शास्त्र इंग्रजीत राहिले तर ते मूठभरांचे राहील, अशी त्यांची साधी धारणा होती. आपल्याकडे १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचा हेतूही याहून फार निराळा नव्हता, आणि तिचे काम महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांपर्यंतही पोचले. पण केरळातल्या परिषदेच्या वाट्याला एक असा प्रसंग आला की तिचे रूपच पालटले.

पालघाट जिल्ह्यात कुंतीपुळा नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधण्याचा बेत होता. त्यात ‘सायलेंट व्हॅली’ म्हणून ओळखले जाणारे सदाहरित अरण्य बुडणार होते. सिंहपुच्छ वानराचे ते घर. वीज नको असे म्हणणे केरळात सोपे नव्हते. विकासाच्या विरुद्ध बोलणारा तो वेडा, असा तो काळ. परिषदेने काय केले? जीवशास्त्रज्ञ, अभियंता, अर्थशास्त्रज्ञ, कृषितज्ज्ञ अशांना एकत्र बसवले. धरणातून किती वीज मिळेल, ती कोणाला मिळेल, तीच वीज दुसऱ्या कोणत्या मार्गाने मिळू शकते, अरण्य गेले तर काय जाईल, याचा हिशेब मांडला. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांच्यासारख्यांनी तो हिशेब मल्याळममध्ये लिहिला आणि गावोगाव सांगितला. सुगतकुमारींसारख्या कवयित्री त्यांच्या जोडीला उभ्या राहिल्या. १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला, १९८४ मध्ये ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. लोकांना त्यांच्या भाषेत आकडे दिले तर लोक ते समजून घेतात, हा धडा सगळ्या देशाला मिळाला.

दुसरा धडा आपल्या अगदी शेजारचा आहे. खानापूर तालुका ओलांडला की हल्याळ आणि जोयडा, आणि त्याखाली यल्लापूर, शिरसी. उत्तर कन्नड जिल्ह्याचा हा घाटमाथा सुपारीच्या बागांचा. सुपारीला सावली, ओल आणि झाडपाल्याचे खत लागते, आणि ते सगळे रानातून येते. म्हणून इथल्या बागाईतदाराला जंगल ही दूरची वस्तू कधीच नव्हती. बेडती नदीवर वीजप्रकल्प येणार असे कळले तेव्हा शिरसीच्या बागाईतदारांच्या सहकारी संस्थेने १९८१ मध्ये शास्त्रज्ञांना बोलावून परिसंवाद भरवला. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने तज्ज्ञांना पाचारण करून ‘आमच्या नदीचे गणित आम्हांला समजावून सांगा’ म्हणावे, ही गोष्ट त्या काळी अपूर्व होती. तो प्रकल्प मागे पडला.

पाठोपाठ सप्टेंबर १९८३ मध्ये शिरसी तालुक्यातल्या सालकणी गावचे लोक कळसे रानात गेले आणि कंत्राटदाराच्या कुऱ्हाडीपुढे झाडांना मिठी मारून उभे राहिले. ‘अप्पिको’ म्हणजे कानडीत ‘मिठी मार’. हिमालयातल्या ‘चिपको’चा हा कानडी अवतार, आणि तो केवळ नावापुरता नव्हता. या चळवळीचे पांडुरंग हेगडे हे चिपकोत राहून शिकून आले होते, आणि सुंदरलाल बहुगुणा स्वतः शिरसीच्या परिसरात येऊन गेले होते. गढवालातली गोष्ट हिंदीतून निघाली, कानडीत उतरली आणि यक्षगान, पथनाट्ये, पदयात्रा, पारदर्शिकांचे खेळ यांतून खेड्यांत पसरली. अप्पिकोची घोषणा तीन शब्दांची होती: उळिसु, बेळेसु, बळसु. ज्यांना कानडी कळते त्यांना अर्थ सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: राखा, वाढवा, आणि वापरा. तिसरा शब्द विशेष महत्त्वाचा. रानाला हातच लावू नका, असे ही माणसे म्हणत नव्हती. जगायचे तर वापरावे लागते, पण आधी राखून आणि वाढवून, एवढेच त्यांचे म्हणणे. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुन्टलँड यांच्या आयोगाने ‘शाश्वत विकास’ या कल्पनेची जगप्रसिद्ध व्याख्या केली ती १९८७ साली. शिरसीच्या शेतकऱ्याने तिचे सार त्याआधी चार वर्षे तीन क्रियापदांत सांगून ठेवले होते.

*

अशी ठिकठिकाणी कामे चालली होती. केरळात एक, कर्नाटकात एक, गोव्यात एक, महाराष्ट्रात आदिवासी भागांत कितीतरी. पण डोंगर एक असला तरी ही माणसे एकमेकांना फारशी ओळखत नव्हती. याचे कारण आपल्या राज्यरचनेत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या पायावर राज्ये झाली. लोकांना आपल्या भाषेत कारभार मिळावा हा हेतू योग्यच होता, आणि ज्यांना तो मिळाला नाही त्यांचे दुःख काय असते हे बेळगावच्या वाचकाला मी सांगण्याची गरज नाही. पण या रचनेचा एक परिणाम कोणाच्या ध्यानात आला नव्हता. डोंगराची उतरंड ज्या दिशेने जाते तिला आडव्या रेघा पडल्या. सह्याद्री गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू अशा सहा राज्यांत वाटला गेला. प्रत्येकाचे वनखाते निराळे, पाटबंधारे खाते निराळे, पाठ्यपुस्तक निराळे. नदी वर एका लिपीत उगम पावते आणि खाली दुसऱ्या लिपीत समुद्राला मिळते. वरच्या गावी काय झाले हे खालच्या गावाला कळायचे ते पूर आल्यावर किंवा विहीर आटल्यावर.

या तुटलेल्या माहितीला सांधणे हा पदयात्रेमागचा विचार होता. गोव्यातील ‘पीसफुल सोसायटी’चे कुमार कलानंद मणी आणि महाराष्ट्रातील लेखक-कार्यकर्ते जगदीश गोडबोले हे तिच्या प्रमुख संयोजकांपैकी. सहाही राज्यांतल्या लहानमोठ्या संस्थांनी आपापल्या टप्प्याची जबाबदारी उचलली. यात्रेला एक मोठी संघटना नव्हती, एक नेता नव्हता, सरकारी पैसा तर नव्हताच. होते ते जाळे. एका गावच्या मंडळाने पुढच्या गावच्या मंडळापर्यंत पोचवायचे, मुक्कामाची आणि भाकरीची सोय करायची, संध्याकाळी गावकऱ्यांना जमवायचे. चालणाऱ्यांनी वाटेत जे पाहिले ते सांगायचे, आणि गावकऱ्यांनी आपले जे काही असेल ते सांगायचे: तुटलेले रान, धरणात गेलेली जमीन, खाणीच्या मातीने भरलेली शेते, बंद झालेला झरा.

आता यातली खरी अडचण पहा. उत्तरेचा जथा नवापूर, डांगकडून निघाला तेव्हा त्याला भिली आणि डांगी बोली ऐकायला मिळाल्या, मग मराठी, मग मालवणी. दक्षिणेच्या जथ्याच्या वाटेवर तमिळ, मल्याळम, तुळू, कानडी, कोकणी. कोणत्याही एका माणसाला या सगळ्या भाषा येणे शक्य नाही. हिंदी उत्तरेला थोडीफार चालते, दक्षिणेच्या खेड्यांत चालत नाही. इंग्रजी शहरातून आलेल्या कार्यकर्त्यांपुरती. म्हणजे ज्या संध्याकाळी पारावर सभा भरायची तिथे एक माणूस लागायचाच, ज्याला पाहुण्याची भाषाही कळते आणि गावची बोलीही. तो पुढारी नसतो, शास्त्रज्ञ नसतो. त्याचे नाव वृत्तपत्रात येत नाही. एखादा शाळामास्तर, एखादा दुकानदार, माहेर पलीकडच्या राज्यात असलेली एखादी बाई, दोन्ही बाजूंना सोयरिक असलेला एखादा म्हातारा. या दुभाष्यांच्या जिभेवरून ती यात्रा चालली. पायांनी चालणाऱ्यांची मोजदाद होते, जिभेने चालवणाऱ्यांची होत नाही.

शेवटचा मुक्काम गोव्यात ठरला होता. गोवा ३० मे १९८७ रोजी घटकराज्य झाले होते, म्हणजे यात्रा पोचली तेव्हा राज्याला पुरते एक वर्षही झालेले नव्हते. भाषेच्या वादाच्या जखमा ताज्या होत्या. अशा वेळी सहा राज्यांतली माणसे रामनाथीला जमली. तिथला रामनाथ देव मुळात साष्टीतल्या लोटलीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे भक्तांनी त्याला सीमेपलीकडे, फोंड्याच्या मुलखात आणले. सीमा ओलांडून जे प्राणपणाने जपले जाते त्याची आठवण ज्या जागेने वाहिली, त्याच जागी ही भेट झाली.

*

त्याच सुमारास देशात आणखी एक जाळे विणले जात होते. २ ऑक्टोबर १९८७ रोजी ‘भारत जन विज्ञान जत्था’ निघाला. देशाच्या पाच दिशांनी पाच जत्थे निघून ७ नोव्हेंबरला, सी. व्ही. रामन यांच्या जन्मदिनी, भोपाळला मिळाले. वायुदुर्घटनेला तीन वर्षे होत आली होती, त्यामुळे भोपाळची निवड बोलकी होती. केरळची परिषद, महाराष्ट्रातली लोकविज्ञान संघटना, मध्य प्रदेशातील ‘एकलव्य’ अशा वीसहून अधिक संघटना त्यात होत्या. त्यातूनच पुढे १९८८ मध्ये अखिल भारतीय जन विज्ञान जाळे उभे राहिले.

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांना ‘एकलव्य’ हे नाव परके नाही. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक निराळा कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी पाठांतर करू नये, प्रयोग करावा. पुस्तकाबाहेर पडून ओढ्याकाठी, शेतात जावे, अशी त्याची रीत. त्या भटकंतीला तिकडे ‘परिभ्रमण’ म्हणत. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांत गेला, १९८२ मध्ये तो चालवण्यासाठी ‘एकलव्य’ संस्था स्थापन झाली, आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. पण कार्यक्रम बंद झाला तरी बी इकडे येऊन पडले होते. ‘एकलव्य’च्या हिंदी नियतकालिकाच्या प्रेरणेने १९९९ मध्ये पुण्याहून मराठी ‘शैक्षणिक संदर्भ’ निघू लागले. होशंगाबादला प्रयोगांची गोडी लागलेल्या अरविंद गुप्तांची टाकाऊतून बनवलेली खेळणी महाराष्ट्रातल्या शाळाशाळांत पोचली. इथेही काम केले ते भाषांतरानेच. हिंदीतला धडा मराठीत आला तेव्हाच तो आपल्या मुलांचा झाला.

*

नव्वदीनंतर या कामाला सरकारी आणि आंतरराष्ट्रीय रूप येऊ लागले. १९८४ मध्ये अहमदाबादला पर्यावरण शिक्षण केंद्र स्थापन झालेच होते. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला आणि डिसेंबर २००३ मध्ये तो पुन्हा बजावला. महाविद्यालयांसाठी पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांनी पाठ्यपुस्तक लिहिले. दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या देशांतील अशा संस्थांचे एक जाळे १९९३ मध्ये झाले, त्याचे सूत्रचालन अहमदाबादेतूनच होई. २००५ ते २०१४ हे दशक संयुक्त राष्ट्रसंघाने शाश्वत विकासासाठी शिक्षणाला वाहिले. १९७७ मध्ये जॉर्जियातील तिबिलिसी येथे पर्यावरण शिक्षणाची पहिली मोठी आंतरसरकारी परिषद झाली होती. तिला तीस वर्षे झाली तेव्हा, नोव्हेंबर २००७ मध्ये, जगभरचे शिक्षक आणि तज्ज्ञ अहमदाबादला जमले.

या सगळ्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. आज खेड्यातले पोरही ओझोन आणि हरितगृह हे शब्द बोलते, ते यामुळेच. पण एक गोष्ट खटकते. विषय सक्तीचा झाला आणि लगोलग प्रश्नपत्रिकेत गेला. अॅमेझॉनच्या खोऱ्याविषयी दोन गुणांची टीप लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या गावचा ओढा कोणत्या नदीला मिळतो हे सांगता येत नाही. देशादेशांचे सहकार्य वाढले, पण तालुक्या-तालुक्यांचे वाढले नाही. अहमदाबादचा माणूस बँकॉकला बोलू लागला, खानापूरचा मास्तर मात्र सत्तरीच्या मास्तराशी बोलत नव्हता.

याचा फटका पुढे फार मोठ्या कामाला बसला. २००९ मध्ये जुन्या यात्रेतली आणि नवी माणसे गोव्यात पुन्हा एकत्र आली. फेब्रुवारी २०१० मध्ये निलगिरीतल्या कोटगिरी येथे त्यांची पुढची बैठक झाली, तिला केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आले, आणि पुढच्याच महिन्यात डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञगट नेमला गेला. पायवाटेने निघालेली गोष्ट अशी दिल्लीपर्यंत पोचली होती. ऑगस्ट २०११ मध्ये गटाने अहवाल दिला. सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटरच्या प्रदेशाचा त्यात विचार होता. कोठे काय चालावे आणि काय चालू नये याची प्रतवारी केली होती, आणि शेवटचा शब्द ग्रामसभांचा असावा असे स्पष्ट म्हटले होते.

पण हा अहवाल इंग्रजीत होता. काही महिने तर तो प्रसिद्धच झाला नाही. मे २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला तेव्हाही ज्यांच्या ग्रामसभांनी त्यावर बोलायचे, त्यांच्या हाती तो त्यांच्या भाषेत नव्हता. मोकळ्या जागेत अफवा शिरल्या. घर बांधता येणार नाही, गाय पाळता येणार नाही, गाव उठणार, असे काहीही सांगितले गेले आणि लोकांनी ते खरे मानले. गाडगीळ स्वतः सांगत राहिले की आधी अहवाल लोकभाषांत द्या, मग ग्रामसभांना विचारा. सिंधुदुर्गातल्या काही गावांनी तर स्वतःहून ग्रामसभेचे ठराव करून संरक्षण मागितले होते. पण एकंदरीत विरोधाचा आवाज मोठा झाला. डॉ. कस्तुरीरंगन यांची दुसरी समिती नेमली गेली. तिने एप्रिल २०१३ मध्ये संरक्षित क्षेत्र ५९,९४० चौरस किलोमीटरवर आणले. त्यानंतर अधिसूचनेचे मसुद्यांमागून मसुदे निघत राहिले.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, दीडशेवर माणसे गेली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या मुंडक्कै आणि चूरलमलावर डोंगर कोसळला, दोनशेहून अधिक माणसे मेली. दुसऱ्या दिवशी अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला. तारखांचा हा योगायोग मांडतो तो कोणाला दोष देण्यासाठी नव्हे. डोंगर मराठीत कोसळला काय आणि मल्याळममध्ये कोसळला काय, माती तीच असते. माळीणच्या दुःखातून जे शिकायचे होते ते वायनाडच्या शाळेत पोचायला हवे होते, आणि कोडगू-वायनाडचे आपल्या आंबोली-चोर्ल्याच्या शाळेत. अशी पोचवणारी वाट १९८७-८८ मध्ये एकदा पायांनी पाडली गेली होती. नंतर तिच्यावर गवत उगवले.

*

शेवटी आपल्या अंगणात येतो.

खानापूर तालुक्यात कणकुंबी आहे. तिथे माउलीचे देऊळ आहे आणि तिथेच मलप्रभेचा उगम. मलप्रभा पूर्वेला जाते, सौंदत्तीजवळच्या धरणात अडते, कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. त्याच कणकुंबीच्या परिसरात कळसा नाला आहे. त्याचे पाणी पश्चिमेला म्हादईत जाते, म्हादई सत्तरीत उतरते, पुढे मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. म्हणजे एकाच गावच्या शिवारात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. हे पाणी कोणाचे, यावर गोवा आणि कर्नाटक यांचा दावा कित्येक वर्षे चालला. २०१० मध्ये लवाद नेमला गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी दिले. तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२३ मध्ये ‘प्रवाह’ या नावाचे प्राधिकरणही निघाले.

या वादात कानडी वृत्तपत्र वाचावे तर नवलगुंद-नरगुंदच्या शेतकऱ्याची तहान दिसते, आणि ती खरी आहे. गोव्यातले मराठी वृत्तपत्र वाचावे तर सत्तरीच्या नदीची आणि खाली मांडवीत शिरणाऱ्या खाऱ्या पाण्याची काळजी दिसते, तीही खरी आहे. केरी-सत्तरीच्या राजेंद्र केरकरांसारख्यांनी म्हादईवर मराठीतून सातत्याने लिहिले, ते घाटाखाली वाचले गेले. तिकडे कानडीत जे लिहिले गेले ते घाटावर वाचले गेले. दोन्ही वाचणारे कोण? तर भीमगडच्या रानाला लागून राहणारे, घरात मराठी, बाजारात कानडी आणि सोयऱ्यांकडे कोकणी बोलणारे आपण.

सीमाभागातल्या माणसाने आपल्या दोन भाषांकडे आजवर बहुधा ओझे म्हणून पाहिले. एक आपली, दुसरी लादलेली. त्यामागची वेदना खोटी नाही, आणि तिचा न्याय व्हायचा तेव्हा होवो. पण सह्याद्रीच्या इतिहासात पाहिले तर जिथे जिथे शहाणपण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले, तिथे ते दोन भाषा येणाऱ्यानेच नेले. शिरसीला हिंदीचे कानडी करणारा, पुण्यात हिंदीचे मराठी करणारा, नवापूरच्या पुढे पारावर उभा राहून पाहुण्याचे शब्द म्हाताऱ्यांना समजावणारा. गाडगीळ अहवाल जिथे अडला तिथे हाच माणूस कमी पडला होता.

म्हणून एक साधी सूचना करून थांबतो. खानापूर तालुक्यात मराठी शाळा आहेत, कानडी शाळा आहेत. घाटाखाली सत्तरीत मराठी आणि कोकणी बोलणारी मुले आहेत. पलीकडे दोडामार्ग आहे. या मुलांनी एका पावसाळ्यात आपापल्या गावचा पाऊस मोजावा, ओढ्याच्या पाण्याची पातळी टिपावी, आणि ती वही एकमेकांना पाठवावी. त्यासाठी परिषद नको, निधी नको. एक नळकांडे, एक पट्टी, आणि कानडीतली वही मराठीत वाचून दाखवणारे एक माणूस पुरे. असे माणूस आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. बहुधा हा अंक हाती घेऊन तेच बसलेले आहे.